पॅल मॅलवरचे जुने क्लब: आत जाता येत नसेल तर बघायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनमध्ये अर्धा दिवस मोकळा आहे. ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या बाजूने निघून पॅल मॅल रस्त्याने सेंट जेम्स पॅलेसपर्यंत चालत जायचं आहे. तिथे जुने खासगी क्लब ओळीने उभे आहेत असं ऐकलंय. पण बहुतेकांच्या दारावर नावाची पाटी नसते, इमारती सगळ्या एकसारख्या इटालियन वाड्यांसारख्या दिसतात आणि दारातला माणूस आत सोडत नाही. मग ओळखायचं कसं, बघायचं काय आणि आत जायचा काही मार्ग आहे का?

मी जुन्या दगडी इमारतींच्या जतनाचं काम करते, त्यामुळे उत्तर त्या अंगाने देते. इतिहासातली माणसं ओघाने येतील, पण माझा भर भिंती, खिडक्या आणि दगड यांवर राहील. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती कळली की बाकीचं सोपं होतं: या क्लबांच्या सर्वांत चांगल्या खोल्या रस्त्याकडे तोंड करून नाहीत. त्या मागे, बागेच्या बाजूला आहेत. बहुतेक लोक समोरच्या फुटपाथवरून चार फोटो काढून पुढे जातात आणि निम्मी इमारत बघायचीच राहते.

आधी घरक्रमांकांबद्दल, कारण तिथेच गोंधळ होतो. पॅल मॅलवर सम-विषम क्रमांक समोरासमोर नाहीत. क्रमांक उत्तर बाजूने पश्चिमेकडे वाढत जातात आणि मग दक्षिण बाजूने वाढत-वाढत पूर्वेकडे परत येतात. तुम्ही ट्रॅफल्गर स्क्वेअरकडून निघालात तर दक्षिण बाजूला आकडे उतरत जातील: अथेनियम १०७, ट्रॅव्हलर्स १०६, रिफॉर्म १०४, रॉयल ऑटोमोबाइल क्लब ८९, ऑक्सफर्ड अँड केंब्रिज ७१. हे पाच आकडे लिहून ठेवलेत तर पाटीची गरज उरत नाही. चालायचं मात्र उत्तरेच्या फुटपाथने, कारण दक्षिणेच्या इमारती पूर्ण उंचीत बघायला रस्त्याएवढं अंतर लागतंच.

हे सगळे क्लब दक्षिण बाजूलाच का जमले? इथे चौथ्या जॉर्जचं कार्लटन हाउस होतं. तो राजा झाल्यावर ते नकोसं झालं आणि १८२६-२७ च्या सुमारास पाडलं गेलं. जमीन राजघराण्याच्या मालकीची, शहराच्या मधोमध, आणि अचानक रिकामी. ती भाडेपट्ट्याने देताना सरकारी अधिकाऱ्यांनी इमारती कशा दिसाव्यात यावर लक्ष ठेवलं, म्हणून या पट्ट्यात उंची, मागच्या बागा आणि रस्त्याची रेषा एवढी सांभाळलेली दिसते. त्याआधीचे क्लब, व्हाइट्स, बूडल्स, ब्रुक्स, हे सगळे शेजारच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर होते. व्हाइट्सची सुरुवात तर १६९३ मध्ये चॉकलेट प्यायच्या दुकानातून झाली. ते प्रामुख्याने जुगार आणि उमरावांच्या ओळखी यांवर चालायचे. पॅल मॅलवर आलेली पिढी वेगळी होती. लष्करी अधिकारी, वकील, शास्त्रज्ञ, लेखक, खासदार. यांतले बरेच जण लंडनमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. त्यांना जेवण, वर्तमानपत्रं, ग्रंथालय आणि पत्रं लिहायला टेबल हवं होतं. एकट्याला न परवडणारं घर त्यांनी वर्गणी काढून एकत्र उभं केलं. बाहेरून राजवाडा वाटणाऱ्या या इमारतींचा खर्च प्रवेश शुल्क आणि वार्षिक वर्गणीतून निघायचा, आजही निघतो.

आता प्रत्यक्ष चालायला लागू. वॉटर्लू प्लेसच्या चौकात थांबा. इथे दोन इमारती समोरासमोर आहेत. पूर्वेची युनायटेड सर्व्हिस क्लबची (हा लष्करी अधिकाऱ्यांचा क्लब), वास्तुविशारद जॉन नॅशने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात बांधलेली. पश्चिमेची अथेनियमची, डेसिमस बर्टनची, १८३० मध्ये पूर्ण झालेली. काम मिळालं तेव्हा बर्टन चोविशीत होता. दोन्ही इमारती जोडीच्या दिसाव्यात अशी अपेक्षा होती, पण तसं झालं नाही. पुढे १८५८-५९ मध्ये बर्टननेच नॅशच्या इमारतीत फेरफार करून ती आपल्या इमारतीच्या जवळ आणली. त्यामुळे आज डावीकडे-उजवीकडे जे साम्य दिसतं ते मूळचं नाही, तीस वर्षांनी आलेलं आहे. युनायटेड सर्व्हिस क्लब १९७८ मध्ये बंद झाला आणि इमारत कंपनी संचालकांच्या संस्थेकडे गेली.

अथेनियमवर थोडा वेळ द्या. दारावर सोनेरी अथीनाचा पुतळा आहे, तो लगेच नजरेत भरतो. पण त्याहून मोलाची गोष्ट वर आहे: इमारतीला वेढा घालणारी निळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी शिल्पपट्टी. घोडेस्वार, रथ, मिरवणूक. ती अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या पट्टीची प्रतिकृती आहे, जॉन हेनिंग या शिल्पकाराच्या हातची. पार्थेनॉनची मूळ शिल्पं ब्रिटिश सरकारने १८१६ मध्ये विकत घेतली होती. हेनिंगने ती वर्षानुवर्षं समोर बसून अभ्यासली, त्यांच्या छोट्या प्रतिकृती केल्या आणि जिथे मूळ शिल्प फुटलेलं होतं तिथे अंदाजाने भर घातली. म्हणजे लंडनच्या रस्त्यावर, मोकळ्या हवेत, फुकट, तुम्हाला ती मिरवणूक तुटफूट नसलेल्या अवस्थेत दिसते. हे मूळ शिल्प आहे असं समजू नका, एकोणिसाव्या शतकातल्या एका माणसाने लावलेला तो अर्थ आहे. मला तो फार आवडतो. हा खर्च बऱ्याच सभासदांना नको होता, त्यांना त्या पैशात बर्फघर हवं होतं. क्लबचा संस्थापक जॉन विल्सन क्रोकर ऐकेना. (याच क्लबचा पहिला सचिव शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे होता. १८२४ ची गोष्ट.) सगळ्यात वरचा, जरा मागे सरकवलेला मजला बर्टनचा नाही. तो १८९९ च्या सुमारास टी. ई. कोलकट या वास्तुविशारदाने चढवला. मागे सरकवल्यामुळे खालून शिल्पपट्टीची रेषा बिघडत नाही. जुन्या इमारतीवर मजला चढवायचाच असेल तर तो असा चढवावा.

दारापासून फुटपाथच्या कडेला या. तिथे दोन पायऱ्यांसारखे रचलेले ग्रॅनाइटचे दगड दिसतील आणि त्यावर कोरलेला मजकूर: ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या इच्छेनुसार घोड्यावर चढण्यासाठी बसवलेला दगड, १८३०. लोक त्याला ठेचकाळून पुढे जातात. मला तो या रस्त्यावरचा सगळ्यात बोलका दगड वाटतो, कारण क्लबात यायचं म्हणजे घोड्यावरून यायचं हे त्यावरून कळतं. वाकून अक्षरं वाचा. कडा झिजल्यात, पण कोरीव काम अजून वाचता येतं.

आता या उत्तराचा गाभा: ट्रॅव्हलर्स आणि रिफॉर्म. दोन्ही एकमेकांना लागून, दोन्ही वास्तुविशारद चार्ल्स बॅरीचे, मध्ये दहाएक वर्षांचं अंतर. एकाच माणसाने एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरं शेजारी-शेजारी बघायला मिळणं दुर्मीळ असतं. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण या दोघांसमोर पाऊण तास उभे राहा.

ट्रॅव्हलर्स आधीचा. क्लब १८१९ चा, इमारत १८३२ ची. लंडनपासून सरळ रेषेत निदान ५०० मैल प्रवास केलेल्यालाच सभासद करून घ्यायचा नियम होता. या इमारतीला एकही मोठा खांब नाही, त्रिकोणी शिखर नाही, द्वारमंडप नाही. त्या काळी लंडनमध्ये भव्य दिसायचं तर ग्रीक देवळासारखे खांब लावायचे, अथेनियमच्या दारावर आहेत तसे. बॅरीने ते सोडून दिलं आणि फ्लॉरेन्सच्या पलाझ्झो पांडोल्फिनी या वाड्याचा, राफेलच्या आराखड्याचा, आधार घेतला. पाच खिडक्यांची रुंदी, साधी भिंत, प्रत्येक खिडकीला स्वतःची चौकट आणि वर ठसठशीत कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेली दगडी कड. दार मधोमध नाही, कडेला आहे. यामागे हिशेब आहे. मधोमध दार दिलं की आतली मोठी खोली दुभंगते. कडेला दिलं की रस्त्याकडची खोली सलग राहते.

रिफॉर्म १८३७ ते १८४१ मधला. १८३२ च्या निवडणूक सुधारणा कायद्याच्या बाजूने असलेल्या मंडळींचा क्लब. इथे बॅरीसमोर नमुना होता रोमच्या पलाझ्झो फार्नेझेचा. रुंदी नऊ खिडक्यांची, दार मधोमध, भिंत पोर्टलंड या इंग्लिश दगडाची. दोन्ही कॉर्निसची तुलना करून बघा. ट्रॅव्हलर्सची कॉर्निस इमारतीवर बेताने बसते. रिफॉर्मची पुढे झेपावते, भर उन्हात तिची सावली भिंतीवर खोल उतरते. फार्नेझेची कॉर्निस मायकेलअँजेलोची, तिथून ही हिंमत आली. खांबांच्या आधाराशिवाय केवळ खिडक्यांच्या लयीने आणि एका कॉर्निसने भिंत एवढी भारदस्त करता येते, हे लंडनला बॅरीने शिकवलं. पुढे बँका, गोदामं, कार्यालयं, सगळ्यांनी ते उचललं.

आतला मोठा फरक बाहेरून दिसत नाही, म्हणून सांगते. इटालियन वाड्याला मध्ये उघडा चौक असतो. ट्रॅव्हलर्समध्ये बॅरीने तो उघडाच ठेवला, त्यातून आतल्या खोल्यांना उजेड मिळतो. रिफॉर्ममध्ये त्याने चौकावर काचेचं छत घातलं आणि त्याचं दिवाणखान्यात रूपांतर केलं. लंडनच्या हवेला तेच शहाणपणाचं होतं. भोवतीचे खांब, गॅलरी, वरून झिरपणारा उजेड, सगळं चौकाचंच, फक्त पाऊस नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर सभासदांना मुक्कामाला खोल्या काढल्या.

आणि आता ती मागची बाजू. रिफॉर्मची जेवणाची मोठी खोली तळमजल्यावर बागेकडे, ग्रंथालय तिच्या वर बागेकडे. ट्रॅव्हलर्सचं ग्रंथालयही वर, बागेकडे. त्या ग्रंथालयात ग्रीसमधल्या बासाईच्या अपोलो मंदिराच्या शिल्पपट्टीची साच्यातून काढलेली प्रत फिरवलेली आहे. ती मूळ पट्टी शोधणाऱ्यांपैकी सी. आर. कॉकरेल हा वास्तुविशारद क्लबचा संस्थापक सभासद होता. रस्त्याकडे घोडागाड्यांचा खडखडाट आणि धूळ, म्हणून वाचायला आणि जेवायला मागची बाजू. त्यासाठी वॉटर्लू प्लेसवरून दक्षिणेला उतरा, उजवीकडे कार्लटन हाउस टेरेस धरा आणि कार्लटन गार्डन्सकडे चालत राहा. झाडांपलीकडे क्लबांच्या पाठी दिसतील. ट्रॅव्हलर्सची पाठ त्याच्या दर्शनी भागापेक्षा जास्त मोकळी, व्हेनिसच्या ढंगाची आहे. पाने गळल्यावर, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. उन्हाळ्यात गेलात तर थोडं झाडांशी भांडावं लागतं.

परत पॅल मॅलवर या आणि रिफॉर्मच्या कठड्यावरून खाली डोकवा. फुटपाथ आणि भिंत यांच्यामधल्या त्या खोल खंदकातून तळघराला उजेड-वारा मिळतो. या तळघरातलं स्वयंपाकघर १८४० च्या दशकात युरोपभर गाजलं. अलेक्सिस सोयेर हा फ्रेंच आचारी १८३७ ते १८५० इथे होता. स्वयंपाकघराची आखणी त्याने बॅरीबरोबर बसून केली. गॅसच्या शेगड्या, उष्णता कमी-जास्त करता येणाऱ्या भट्ट्या, गार पाणी खेळवून थंड ठेवलेली कपाटं. गॅस इथे येणं स्वाभाविकच होतं, कारण १८०७ मध्ये फ्रेडरिक विन्सरने याच रस्त्यावर गॅसचे दिवे लावून दाखवले होते. लोक सोयेरचं स्वयंपाकघर बघायला यायचे, त्याचं छेदचित्र छापून विकलं जायचं. मला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. श्रीमंतांना जेवू घालताना जे तंत्र हाताशी आलं ते घेऊन तो १८४७ मध्ये दुष्काळातल्या डब्लिनला गेला आणि तिथे गरिबांसाठी सूपचं मोठं स्वयंपाकघर उभं केलं. नंतर क्रिमियाच्या युद्धात सैनिकांच्या जेवणाची घडी बसवली.

रिफॉर्मच्या पुढे पश्चिमेला कार्यालयाची एक आधुनिक इमारत लागेल, क्रमांक १००. फोटो काढावासा वाटणार नाही, पण थांबा. इथे कार्लटन क्लब होता, रिफॉर्मच्या विरोधी पक्षाचा, म्हणजे टोरींचा (हुजूर पक्षाचा). दोन वैरी शेजारी. १९ ऑक्टोबर १९२२ ला हुजूर पक्षाच्या खासदारांनी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या संयुक्त सरकारातून बाहेर पडायचं ठरवलं ते इथल्या बैठकीत. त्याआधी, १८२४ मध्ये, याच क्रमांकाच्या घरात नॅशनल गॅलरी पहिल्यांदा उघडली होती. कार्लटनची इमारत वास्तुविशारद सिडनी स्मर्कने १८५० च्या दशकात व्हेनिसमधल्या, सान्सोव्हिनोने बांधलेल्या ग्रंथालयावरून घेतली. भिंत फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या काँ दगडाची, मधले खांब चकचकीत लाल ग्रॅनाइटचे. दिसायला या रस्त्यावरची सर्वांत श्रीमंत. पण काँचा दगड लंडनच्या धुरात टिकला नाही. १९२० च्या दशकात रेजिनल्ड ब्लॉमफील्ड या वास्तुविशारदाला सगळा दर्शनी भाग नव्याने मढवावा लागला. १४ ऑक्टोबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्ब पडला. आत बरीच माणसं होती, सुदैवाने कोणी दगावलं नाही, पण इमारत संपली. क्लब सेंट जेम्स स्ट्रीटवर गेला.

दगड खराब होतो म्हणजे काय होतं, ते समोरच्या इमारतींवर अजून बघता येतं. काँ काय, पोर्टलंड काय, दोन्ही चुनखडकच. कोळशाच्या धुरातला गंधकाचा अंश ओलाव्याबरोबर चुन्यावर बसतो आणि जिप्सम तयार होतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जातं आणि दगड पांढराशुभ्र राहतो. जिथे पाऊस पोचत नाही, म्हणजे कॉर्निसच्या पोटाखाली, खिडकीच्या चौकटीच्या आतल्या वळणात, तिथे ते साचून काजळी धरतं आणि काळी खपली बनते. पोर्टलंड घट्ट असल्याने त्याची झीज हळू होते. काँ मऊ, त्याची खपली दगडाचा पापुद्रा घेऊन सुटते, आणि त्याबरोबर कोरीव काम जातं. म्हणून पॅल मॅलवरच्या कुठल्याही दगडी भिंतीसमोर उभे राहिलात की काळ्या-पांढऱ्या रेषा बघा, पावसाची वाट त्यावर उमटलेली असते. ती काळी खपली सरसकट घासून काढावी असं मात्र नाही. पूर्वी वाळूचा मारा करून अनेक इमारती चकाचक केल्या गेल्या आणि त्यात दगडाची वरची कठीण त्वचाच उडाली. आता बारीक फवारा, लेप किंवा लेझर वापरतात, आणि धोका नसलेली खपली बऱ्याचदा तशीच ठेवतात.

पुढचा रॉयल ऑटोमोबाइल क्लब, १९११ चा, एकदम वेगळ्या मापाचा. मेवेस आणि डेव्हिस या जोडीचा, ज्यांनी त्याआधी रिट्झ हॉटेल बांधलं होतं. फ्रेंच राजवाड्यासारखा दगडी चेहरा, पण वजन पेलतो तो आतला पोलादी सांगाडा. त्यामुळेच आत पोहण्याचा तलाव आणि तुर्की स्नानगृहं बसवता आली. माझ्या मते भव्यता आहे, बॅरीचा संयम नाही.

त्यानंतर विटांचं शॉमबर्ग हाउस, सतराव्या शतकाच्या शेवटचं. चित्रकार टॉमस गेन्सबरो इथे १७७४ पासून मरेपर्यंत, १७८८ पर्यंत, राहिला. विटांचं काम निवांत बघा, पण हे लक्षात ठेवा की फक्त दर्शनी भिंत, तीही पूर्ण नाही, जुनी आहे, मागचं सगळं १९५० च्या दशकात नव्याने बांधलेलं. शेजारचा ७९ क्रमांक नेल ग्विनमुळे, म्हणजे दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नटी प्रेयसीमुळे, प्रसिद्ध. राजाने तिला ही जागा कायमच्या मालकीने दिली, आणि आजही दक्षिण बाजूचा तेवढाच तुकडा राजमालकीबाहेर समजला जातो. तिचं घर राहिलेलं नाही. ऑक्सफर्ड अँड केंब्रिज क्लब, स्मर्क बंधूंचा, १८३८ चा, नेटका आहे. चालता-चालता बघितला तरी पुरेल.

उत्तर बाजूला फारसं उरलेलं नाही. आर्मी अँड नेव्ही क्लबची व्हेनिसच्या धर्तीची १८५१ ची इमारत पाडून १९६३ मध्ये साधी नवी आली. ज्युनिअर कार्लटन क्लबची इमारतही १९६० च्या दशकात गेली. इमारती संरक्षित यादीत घेण्याची व्यवस्था १९४७ च्या नगररचना कायद्याने बसली होती, पण व्हिक्टोरियन इमारतींची किंमत कळायला आणखी वीसेक वर्षं लागली. आज अथेनियम, ट्रॅव्हलर्स, रिफॉर्म आणि युनायटेड सर्व्हिसची इमारत या चारही सर्वोच्च श्रेणीत आहेत. त्यांच्या खिडकीची चौकटही परवानगीशिवाय बदलता येत नाही.

राहिला आत जाण्याचा प्रश्न. फुटपाथवरून फोटो काढायला कोणाची हरकत नसते, पण दारात उभं राहून आतला फोटो काढू नका, ते लोकांना आवडत नाही. आत जायचे मार्ग तीन. सभासदाचा पाहुणा म्हणून. किंवा तुम्ही स्वतः एखाद्या जुन्या क्लबचे सभासद असाल आणि त्याचा लंडनच्या क्लबशी परस्पर करार असेल तर. त्यासाठी निघण्यापूर्वी आपल्या क्लबच्या कार्यालयातून ओळखपत्र घ्यावं लागतं, तिथे जाऊन ऐनवेळी काही होत नाही. तिसरा मार्ग सप्टेंबरमधला ओपन हाउस उत्सव, तेव्हा शहरातल्या एरवी बंद असलेल्या इमारती लोकांना दाखवतात. त्यात कुठले क्लब आहेत हे दर वर्षी बदलतं आणि जागा आधी नोंदवाव्या लागतात. पाहुणे म्हणून जाणार असाल तर पुरुषांनी कोट आणि टाय न्यावा. स्त्रियांसाठी जरा विचारून जाणं बरं: रिफॉर्मने १९८१ मध्ये, ऑक्सफर्ड अँड केंब्रिजने १९९६ मध्ये आणि अथेनियमने २००२ मध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिलं, पण प्रत्येक क्लबचे पाहुण्यांचे नियम वेगळे असतात. आत गेलातच तर रिफॉर्मच्या काचेखालच्या दिवाणखान्यात आधी वर बघा, मग वरच्या गॅलरीत जाऊन तोच चौक वरून बघा, आणि यजमानांना ग्रंथालयाची बागेकडची खिडकी दाखवायला सांगा.